इनिगोचा ढग

मंगळवारी दुपारी सुकेशनी रंगमंचाच्या वरच्या माळ्यावर चढली ती फक्त कप्प्यांना तेल घालायला. एप्रिल चालू होता. पत्र्याखाली भट्टीसारखी धग होती. एका हातात तेलाची बाटली, दुसऱ्या हातात मोबाईलचा उजेड, अशी ती फळ्यांवरून वाकून चालली होती. तोल सावरायला तिनं खाली हात टेकला आणि तळव्याला पांढरट पीठ लागलं.

तिनं ते बोटांत चोळून बघितलं. ज्वारीच्या पिठाइतकं बारीक होतं. वर उजेड धरला तर तिथं सागाची मोठी तुळई होती, जिला नाटकातला कापसाचा ढग टांगला होता तीच. तुळई भिंतीत शिरत होती तिथं दाभणानं टोचल्यासारखी भोकंच भोकं दिसत होती. सुकेशनीनं पान्यानं तुळईवर ठोकलं. मधोमध ती टणक वाजली. सरकत सरकत भिंतीजवळ जाऊन ठोकलं, तेव्हा भिजलेल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा आवाज आला.

तिनं पुन्हा ठोकलं नाही. पीठ ओढणीला पुसलं, कप्प्यांना तेल घातलं आणि खाली उतरली. खाली तिचा मोठा भाऊ भारत रहाटाला दोर गुंडाळत बसला होता. “झालं का गं?” त्यानं विचारलं. ती म्हणाली, “झालं.”

शनिवारी संध्याकाळी प्रयोग होता. तालमीला दोन दिवस उरले होते.

सुकेशनी दौलताबादची. वडील सोनाजी मेंढरं राखायचे. घरातली पहिली शिकलेली पोर म्हणजे ही, आणि शिकली तीही वास्तुकला. त्यामागे वास्तुकलेच्या कॉलेजातले राजेंद्र सर होते. फॉर्म भरण्यापासून स्वतःचा ड्रॉइंग बोर्ड देण्यापर्यंत सगळं त्यांनी केलं. “मुलीला शहरात धाडायचं कशाला,” असं म्हणणाऱ्या सोनाजींच्या पुढ्यात बसून त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या आणि होकार घेऊनच उठले. आता सुकेशनी तेहतीस वर्षांची होती आणि संभाजीनगरात नाटकांची नेपथ्यं करायची. भारतचा मांडव-डेकोरेशनचा धंदा होता. बहीण-भावाचं काम एकमेकांत मिसळलेलं होतं.

सर एकतीस वर्षं वास्तुकलेचा इतिहास शिकवत आले होते आणि दरवर्षी एका माणसापाशी येऊन थांबायचे. इनिगो जोन्स. चारशे वर्षांपूर्वीचा लंडनचा माणूस, बाप कापड तयार करणारा कारागीर. हा इटलीला गेला, तिथले जुने खांब, कमानी, पडक्या देवळांची मापं डोळ्यांत भरून आला, आणि तिरप्या छपरांच्या गर्दीत सरळ रेषेतल्या, मोजूनमापून बांधलेल्या पांढऱ्या इमारती उभ्या केल्या.

“पण तो आधी नाटकवाला होता, हे विसरू नका,” सर वर्गात सांगायचे. “रंगमंचाला चित्राच्या चौकटीसारखी कमान असते ना, ती इंग्लंडात त्यानं रुजवली. खोबणीतून सरकणारे रंगवलेले पडदे त्यानं आणले. राजाच्या डोळ्यांदेखत समुद्र हलायचा, डोंगर फाटायचा आणि ढगात बसून माणसं खाली यायची. पुढं युद्ध झालं, नाटकं बंद पडली. यंत्रं मोडली. उरले फक्त कागद. म्हातारपणी त्याला एका वेढा पडलेल्या घरातून घोंगडीत गुंडाळून बाहेर काढलं, असं सांगतात.”

एप्रिलअखेर सर निवृत्त होणार होते. त्याआधी एकदा तो ढग खरोखर उतरवायचा, एवढंच त्यांच्या मनात होतं. शहागंजच्या मागं निजामाच्या काळातलं एक सभागृह होतं, ते त्यांनी मिळवलं. अर्ध्या तासाचं नाटक स्वतः लिहिलं. भांडणाऱ्या दरबारात ढगातून शांती उतरते, एवढीच गोष्ट. विजेची मोटार नको म्हणाले. रहाट, दोर, कप्पी आणि माणसांचे हात, बस.

ढग बांधला सुकेशनीनं. बांबूच्या कांब्या, त्यावर मांजरपाट, मांजरपाटावर कापूस, आणि मधोमध बसायला पाट. साठ किलोची वाळूची पोती घालून तो दहा वेळा वर-खाली केला होता. एकदा ती स्वतःही बसली होती. पण तुळईचं टोक तेव्हा तिनं बघितलं नव्हतं.

बुधवारी सकाळी ती सरांच्या घरी गेली. सांगायचंच असं ठरवून गेली. सर बैठकीत जमिनीवर ट्रेसिंग पेपर पसरून बसले होते. दोन वर्षांपासून त्यांचे हात थरथरायचे, त्यामुळं कागदाच्या कोपऱ्यांवर त्यांनी वाट्या ठेवल्या होत्या.

“ये ये! पुण्याहून अठरा जण येतायत. एकोणीसशे शहाण्णवची बॅच. अजिंठ्याच्या कामावर असलेली रूपा पण येतेय.” ते तिच्याकडे बघून हसले. “तुला सांगू? काल मला झोपच नाही आली. लहान मुलासारखं झालंय.”

“सर, ती तुळई...”

“काय तुळई?”

त्यांचा चेहरा तिच्यासमोर होता. हसू अजून तसंच होतं, पण डोळ्यांत काहीतरी आखडलं.

“तुळई जुनी आहे, म्हणून म्हटलं.”

“जुनी आहे म्हणून तर भक्कम आहे,” सर म्हणाले आणि चहा टाकायला उठले.

रस्त्यावर येताच आपण किती घाबरलोय हे सुकेशनीला कळलं. हेल्मेटचा पट्टा लागेना. तिनं स्वतःची समजूत घातली. साठ किलोला काही झालं नाही. ढगात बसणारी अपेक्षा तर पन्नास किलोची. मग दुपारी तिनं भारतला अर्धवट विचारलं, “दादा, तुळई भिंतीपाशी जरा पोकळ वाजते रे.”

“सागवान हाय ते. शंभर वर्सं उभं हाय. त्याला काय व्हत नाय,” भारत म्हणाला आणि दोर ताणत राहिला.

हे ऐकायलाच ती आली होती. तिनं ते धरून ठेवलं. पण डोळा लागला की तोच पुठ्ठ्याचा आवाज कानात वाजायचा.

गुरुवारी चार वाजता तालीम होती. अपेक्षा वेळेआधीच आली. एकवीस वर्षांची, नाट्यशास्त्राला शिकणारी. सोबत तिची आई आशाबाई होती, पैठणजवळच्या गावाहून एसटीनं आलेली. लेक हवेतून कशी उतरते ते बघायला म्हणून आली होती आणि बघायच्या आधीच कासावीस झाली होती. तिनं सुकेशनीला विंगेत गाठलं.

“ह्ये सगळं तुमी बांधलंय म्हनं?”

“हो, मावशी.”

“मंग ठीक हाय. बाईमानसानं बांधलंय म्हंजी बघूनच बांधलं आसंल.” तिनं सुकेशनीचा दंड धरला. “येकुलती येक हाय वं ती. तुमच्या भरवशावर.”

सुकेशनीनं विंगेतून बाहेर पाहिलं. आत्ता बोललं पाहिजे. आत्ता. पण पहिल्या रांगेत सर बसले होते, पोरं दरबारी कपडे घालून उभी होती, भारतनं रहाटाच्या दांड्याला हात घातला होता. तिनं वाक्य जुळवलं. तेवढ्यात कुणीतरी दिवे मंद केले आणि अपेक्षा ढगात जाऊन बसली. सुकेशनीनं तिच्या कमरेचा पट्टा आवळला, बक्कल दोनदा ओढून पाहिलं. “भीती वाटते?” तिनं विचारलं.

“नाय ताई. तुम्ही हायेत ना.”

भारतनं दोन गड्यांसोबत रहाट फिरवला. ढग उचलला. पाच फूट. दहा फूट. मांजरपाट हलकेच फडफडलं. सुकेशनी वर बघत होती. पंधरा. अठरा.

आधी धूळ पडली. प्रकाशाच्या झोतात ती स्पष्ट दिसली, पिठाची एक बारीक धार. मग कडाड असा आवाज झाला.

ढग एका बाजूला कलला. अपेक्षा किंचाळली. पाटावरून तिचे पाय सुटले आणि ती पट्ट्यावर लटकली, दोन्ही हातांनी कांबीला घट्ट धरून. कापसाचे गोळे खाली पडत होते.

“खाली घे! दादा, खाली घे!”

“येईना!” भारत ओरडला. त्याच्या मानेच्या शिरा टरारल्या होत्या. “दोर अडकलाय वर!”

वर अजून एकदा करकरलं. पहिल्या रांगेत सर उभे राहिले होते. शिडी आणायला कुणी धावलं. आणली ती बारा फुटी होती.

सुकेशनी लोखंडी जिन्याकडे पळाली. जाताना भारतच्या सामानातला नायलॉनचा जाड दोर आणि लोखंडी हूक तिनं खांद्यावर टाकलं. चोवीस फूट चढताना तिची चप्पल दोनदा पायरीवरून निसटली. वर पोचली आणि तिनं भिंतीकडे बघितलं. तुळईचं भिंतीतलं टोक चिरफाळलं होतं. तुळई वीतभर खाली बसली होती आणि दोर कप्पीच्या खाचेतून निसटून कडेला आवळला गेला होता. चिरेतून अजून पीठ झिरपत होतं. फळीवर पाय ठेवला की तुळई कण्हल्यासारखी वाजायची.

चार फूट मागं, पत्र्याच्या दुरुस्तीच्या वेळी बसवलेला लोखंडी गर्डर होता. तो पक्का होता. पण ढगाच्या बरोबर वर नव्हता, म्हणूनच ढग टांगायला तो वापरता आला नव्हता. आता त्याच्याशिवाय दुसरं काही नव्हतं.

ती पोटावर झोपून सरकली. दोराच्या एका टोकाला हूक बांधला, दोर गर्डरवरून घेतला आणि दुसरं टोक खाली सोडलं. “दादा! ह्याचे विंगेतल्या खांबाला दोन वेढे दे आणि धरून बस! मी म्हणेन तेव्हा हळूहळू सोड!”

“धरला!”

हूक तिनं हळूहळू खाली सोडला. फळ्यांच्या फटीतून खालचा सगळा रंगमंच दिसत होता, इतका लहान की बोटानं झाकावा. हूक हेलकावे घेत अपेक्षाच्या खांद्याजवळ पोचला.

“अपेक्षा, ऐक. तो हूक घे आणि तुझ्या पट्ट्याच्या पुढच्या कडीत अडकव.”

“मला नाय सोडता येत हात!”

“एकच हात सोड. एकच.”

बराच वेळ काही झालं नाही. तुळईतून टक् असा आवाज आला. मग अपेक्षाचा हात सुटला, हवेत चाचपडला आणि हूक कडीत बसला. दोर ताठ झाला.

“बसला! आता पाठीमागचं बक्कल काढ, ढगाला जोडलेलं. मग तू आमच्या दोरावर येशील.”

“नाय! मी पडन!”

“नाही पडणार. मागं झोका जाईल फक्त. पडद्याला लागशील, थोडं लागेल. पण पडणार नाहीस.”

“मला नाय काढायचं! आई! आई गं!”

अपेक्षा आता नुसती रडत होती. हात पुन्हा कांबीला चिकटले होते. सुकेशनीला वाटलं, संपलं. आपल्या आवाजात काही उरलं नाही आणि ही पोर आपल्या डोळ्यांसमोर जाणार. ती फळीवर कपाळ टेकून पडली आणि क्षणभर डोळे मिटले.

तेव्हा खालून आशाबाईचा आवाज आला. रंगमंचाच्या मधोमध, ढगाच्या थेट खाली येऊन ती उभी होती. कुणीतरी तिला मागं ओढत होतं, ती हलत नव्हती.

“अपू! रडू नगं. डोळे मीट.” आवाज अगदी घरातला होता, अंगणातून हाक मारावी तसा. “मिटले का? आता मागं हात ने. ब्लाउजचा हूक काढतीस का नाय, आरशात न बघता? तसा काढायचा. डाव्या हातानं धर, उजव्यानं सरकव. कर बरं.”

“आई...”

“कर म्हनते ना. मी हितंच हाय.”

अपेक्षानं डोळे मिटले. तिचा एक हात मागं गेला. मग दुसरा. सुकेशनीला वरून फक्त बोटं दिसत होती, चाचपडणारी. खट्.

अपेक्षा मागं फेकली गेली. दोर गर्डरवर कचकन घासला. ती झोका घेत मागच्या रंगवलेल्या महालावर जाऊन आदळली, कापड टराटरा फाटलं, ती पुन्हा पुढं आली, पुन्हा मागं गेली. खांबाभोवतीचा दोर सुळकन सरकला आणि भारत ओरडला, पण त्यानं सोडला नाही.

“सोड दादा, हळू! हळू!”

आशाबाईनं वर हात केले होते. लेकीचे पाय हाताला लागताच तिनं त्यांना मिठी मारली आणि दोघी तशाच खाली बसल्या. कुणीतरी त्यांना ओढतच विंगेत नेलं. सुकेशनी जिन्याकडे सरपटली. ती वरून चौथ्या पायरीवर असताना तुळई भिंतीतून सुटली. ढग, कप्प्या, फळ्या, सगळं एकदम खाली गेलं. आवाज एवढा मोठा होता की तो थांबल्यावरही ती जिन्याला मिठी मारून तिथंच लटकून राहिली. धूळ बसेपर्यंत तिला खालचं काही दिसलं नाही. कोण ओरडतंय, कोण नाही, हे कळेपर्यंतचा तो वेळ तिच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट होता.

सगळे जिवंत होते. भारतच्या तळहातांची सालटं निघाली होती. अपेक्षाच्या खांद्याला मार बसला होता. आशाबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवत होती, एकसारखा, थांबतच नव्हती.

सुकेशनीला वाटलं होतं, पोर खाली आली की भीती जाईल. ती गेली नाही. उलट आता भीती तिच्याच बाजूला येऊन उभी राहिल्यासारखी झाली. कुणीही विचारलं नव्हतं. जुनी इमारत, कुजकी तुळई, असंच सगळे म्हणत होते. भारत म्हणत होता, “नशीब, तू वर गेलीस.” एक जण तर तिला शाबासकी देत होता. ती गप्प राहिली असती तर तसंच राहिलं असतं.

ती आशाबाईसमोर जाऊन खाली बसली.

“मावशी, मला मंगळवारीच कळलं होतं. तुळई किडलेली होती. मी बघितलं होतं आणि बोलले नाही.”

आशाबाईचा हात थांबला. तिनं सुकेशनीकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. काही समजत नसल्यासारखी ती बघत राहिली.

“म्हाईत व्हतं?”

“हो.”

“म्हाईत आसून माझ्या लेकीला बसवलं?”

आशाबाई उठली, अपेक्षाला उठवलं, तिची पिशवी घेतली आणि दोघी दाराकडे चालू लागल्या. भारत त्यांना दवाखान्यात न्यायला मागं धावला. तो बहिणीकडे न बघता गेला.

सर पहिल्या रांगेत परत बसले होते. “मंगळवारी?” त्यांनी विचारलं.

“बुधवारी सांगायला आले होते तुमच्याकडे.”

सर पडलेल्या कापसाकडे बघत होते. “तू तुळई म्हणालीस,” ते म्हणाले. “मी ऐकलं होतं. मला आवडलं नाही, म्हणून चहा टाकायला उठलो.” हातांची थरथर थांबवायला त्यांनी ते मांडीखाली दाबून धरले. “सुकेशनी, तुला माझी भीती वाटली का?”

“तुम्हाला वाईट वाटेल याची वाटली.”

“एकच की.”

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून सभागृहाच्या व्यवस्थापकांना लेखी कळवलं. केव्हा काय दिसलं, कुणाला सांगितलं, कुणाला नाही, सगळं लिहिलं. सुकेशनीनं सही केली. सरांनी तिच्याखाली स्वतःची केली. सभागृहाला कुलूप लागलं. शनिवारी पाहुणे आले तेव्हा कॉलेजच्या व्हरांड्यात नुसते सरकते पडदे लावून नाटक झालं. शांती ढगातून आली नाही, अपेक्षाही आली नाही. शांतीचं काम श्रेया नावाच्या मुलीनं हातात कागद धरून वाचलं. नाटकानंतर सरांनी इनिगो जोन्सवर बोलायचं ठरलं होतं. ते उभे राहिले आणि गुरुवारची हकीकत सांगितली, स्वतःच्या चहासकट. पुण्याहून आलेले लोक अवघडून बसले. काही जण न जेवता गेले.

पंधरा दिवसांनी सुकेशनी पैठणच्या एसटीत बसली. फोन केला नव्हता. केला असता तर आशाबाई नको म्हणाली असती आणि तिची हिंमत तिथंच संपली असती. गावात घर विचारत गेली. अंगणात आशाबाई तूर पाखडत होती. तिनं मान वर केली आणि सूप खाली ठेवलं.

“काय काम हाय?”

“काम नाही. माफी मागायला आलेय.”

“माफी म्हंजी काय व्हतं?”

“माहीत नाही मावशी.”

आशाबाईनं पुन्हा सूप उचललं. सुकेशनी उन्हात उभी राहिली. परत फिरावं की थांबावं हे तिला ठरवता येईना. शेवटी आशाबाईच म्हणाली, “सावलीत तरी व्हा. चक्कर येऊन पडाल, मंग आमच्याच नावानं.” आतून तांब्याभर पाणी आणून तिनं पुढ्यात ठेवलं. बसली मात्र नाही.

अपेक्षा बाहेर आली. तिचा खांदा अजून नीट वर होत नव्हता. तीच सुकेशनीला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला निघाली. आशाबाई दारातून बघत होती.

“झोपेत अजून झोका जातो, ताई,” अपेक्षा चालता चालता म्हणाली. “मागं, मागं, आन् पडदा येतच नाय. मंग आईला धरून झोपते.”

“मलाही येतं स्वप्न.”

“तुम्हाला काय दिसतं?”

“जिना. आणि खाली काही दिसत नाही.”

कडेच्या उसाला पाणी सोडलं होतं, वाट ओली होती.

“जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर येक नाटक हाय,” अपेक्षा म्हणाली. “नेपथ्याला कुणी नाय. मी तुमचं नाव सांगितलं तर आई मारंल मला.”

“मग सांगू नकोस.”

“सांगनार हाय. पन वरून काय टांगायचं नाय. आन् स्टेजवर मी चढायच्या आधी सगळं मला दाखवायचं. खिळा न् खिळा.”

सुकेशनीनं होकाराची मान हलवली. लांबून एसटी धूळ उडवत येताना दिसली, तसा अपेक्षानं बरा हात वर करून ती थांबवली.